बाबांची स्ट्रेस थॅलियम करायचीय, साधा गॅमा कॅमेरा की सीझेडटीवाला? सल्ला हवाय

सातारी_कंदी: मंडळी, बाबा ७१ वर्षांचे, चढ चढताना छातीत भरून येतं. ईसीजीत एलबीबीबी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विजेच्या वाटेत अडथळा) निघाला. डॉक्टर म्हणाले आधी स्ट्रेस थॅलियम (हृदयाला ताण देऊन, किरणोत्सारी औषध टोचून रक्तपुरवठ्याचे फोटो) करा मग अँजिओचं बघू. सीटी अँजिओ नको म्हणाले कारण त्यात डाय टोचतात आणि बाबांचं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी कमजोर. घरापासून तासाभरावर एक ठिकाण आहे तिथे जुना दोन डोक्यांचा कॅमेरा आहे, आणि पुण्यात एका सेंटरला तो नवा सीझेडटी आहे. बाबांचा उजवा खांदा आखडलाय, हात डोक्यावर धरून जास्त वेळ झोपता येत नाही. बायकोला सातवा महिना आहे, तीही घरातच. बजेट १५ हजार, त्याच्यावर खरंच नको.

कोथरूडचा_राजा: डोळे झाकून सीझेडटी. माझी झाली मागच्या वर्षी, पाचेक मिनिटांत फोटो खलास, शेजारचे आजोबा जुन्या मशीनवर अजून पडलेलेच होते. २४ हजार झाले पण इन्शुरन्सने दिले, मला काय. फक्त गाडी नेऊ नका, पार्किंगला जागा मिळत नाही आणि रिक्षावाले मीटरने येत नाहीत.

आर्या_ताई: १५ हजार लिहिलंय हो त्यांनी.

न्यूजर्सीचा_नाना: इकडे आता बऱ्याच ठिकाणी थेट पेट स्कॅन करतात, रुबिडियम वापरून. त्याचं अर्धायुष्य सव्वा मिनिट, सगळा कार्यक्रम अर्ध्या-पाऊण तासात आटपतो आणि हृदयाला रक्त किती जातं ते आकड्यात मिळतं. माझ्या मेडिकेअरमध्ये (इकडचा सरकारी विमा) बसलं. भारतात अजून थॅलियमच चालू आहे बघून वाईट वाटतं.

फिल्म_बॅज: नाना, थॅलियम फक्त नावाला राहिलंय, बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम टोचतात, तुमच्याकडेही स्पेक्टच (गॅमा कॅमेऱ्याचं हेच स्कॅन) जास्त होतात. धागाकर्त्यासाठी लिहिते, न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये बरीच वर्षं काढलीत. जुन्या कॅमेऱ्यात सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक असतो, गॅमा किरण पडला की त्यात प्रकाश चमकतो आणि मागच्या फोटोमल्टिप्लायर नळ्या त्याची वीज करतात. हॅल अँगरने १९५७ च्या सुमारास बर्कलीत बनवला तेव्हापासून मूळ कल्पना तीच. सीझेडटी म्हणजे कॅडमियम झिंक टेल्युराइड, त्यात मधला प्रकाशाचा टप्पाच नाही, किरणाची थेट वीज होते. शिवाय या कॅमेऱ्यांत सगळे डिटेक्टर हृदयावरच रोखलेले, म्हणून १५-२० मिनिटांचं काम पाचेक मिनिटांत होतं, किंवा वेळ थोडा जास्त घेऊन औषधाचा डोस निम्म्यावर आणता येतो. पण काही सेंटर डोस तोच ठेवतात आणि पेशंट जास्त घेतात, तेव्हा विचारून घ्या. खांद्यासाठी हेही विचारा की मशीन झोपायचं आहे की आरामखुर्चीसारखं बसायचं. डी-स्पेक्ट नावाच्या सीझेडटी मशीनमध्ये अर्धवट बसून डावा हात डिटेक्टरवर टेकवता येतो.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, एलबीबीबी असेल तर ट्रेडमिलवर पळवू देऊ नका, हृदयाच्या मधल्या पडद्यात नसलेला दोष दिसू शकतो. अ‍ॅडेनोसिनसारखं हृदयाच्या नळ्या फुलवणारं औषध देऊन करतात. दमा असेल तर आधीच सांगा.

पाटील_बुवा: एवढं पुराण कशाला, सरळ अँजिओग्राफी करा. माझ्या मेव्हण्याची थॅलियम नॉर्मल आली आणि महिन्याभरात तिन्ही नळ्या ब्लॉक निघाल्या. थॅलियम म्हणजे पैसे खायचा धंदा.

फिल्म_बॅज: बुवा, तिन्ही सारख्याच अडल्या तर असं होऊ शकतं, कारण चित्रात एक भाग दुसऱ्याशी ताडून बघतात. सगळीकडे सारखंच कमी असेल तर फरक दिसणार कसा? पण अँजिओलाही डाय लागतोच, आणि त्यांचं क्रिएटिनिन वाढलंय.

पाटील_बुवा: मेव्हण्याचंही वाढलं होतं. काही झालं नाही.

चहाबाज_७०: कॅमेरा कुठलाही घ्या, आदल्या दिवसापासून चहा बंद!! मला कोणी नीट सांगितलं नाही, सकाळी टपरीवर अर्धा कप मारला आणि टेबलावर घेऊन परत उठवलं, सुट्टी वाया. कॅफिनने ते औषध लागूच पडत नाही म्हणे. कोल्ड्रिंक, चॉकलेट, डोकेदुखीच्या काही गोळ्या, सगळं बंद.

आर्या_ताई: ग्रीन टी चालतो ना?

चहाबाज_७०: नाही.

आर्या_ताई: डिकॅफ?

फिल्म_बॅज: तेही नको, थोडं कॅफिन असतंच. डेरीफायलिन (दम्याचं औषध) चालू असेल तर तेही डॉक्टरांना विचारून थांबवावं लागतं. स्वतःच्या मनाने बीपीची गोळी मात्र बंद करू नका.

मिरजकर: सीझेडटीच घ्या, वेळ कमी लागतो.

कोथरूडचा_राजा: हेच मी पहिल्यांदा लिहिलंय.

दुबईरिटर्न: स्कॅनचं सर्टिफिकेट जवळ ठेवा. स्कॅननंतर तीन दिवसांनी विमानतळावर किरणोत्सर्ग शोधणारं मशीन वाजलं आणि मला बाजूला बसवून ठेवलं.

फिल्म_बॅज: होतं असं, खऱ्या थॅलियमनंतर तर काही आठवडेसुद्धा. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. सातवा महिना आहे म्हणून त्या दिवशी बाबांनी सुनेपासून थोडं लांब बसावं, पाणी भरपूर प्यावं आणि लघवीनंतर दोनदा फ्लश करावा. दुसऱ्या दिवशी जवळजवळ काही उरत नाही. तिला सेंटरला मात्र नेऊ नका.

सातारी_कंदी: सर्वांचे आभार. पुण्याला फोन केला, २२ सांगतात, वर जाणं-येणं. बाबा म्हणतात पुण्याला येत नाही म्हणजे नाही. त्यामुळे जुन्याच कॅमेऱ्यावर करतोय. तिथल्या डॉक्टरांना एलबीबीबीचं सांगितलं, ते म्हणाले औषधानेच करणार, खांद्याखाली उशी देऊ, आणि उजवा हात खालीच राहिला तरी चालवून घेऊ. शंका वाटली तर पालथं झोपवून परत फोटो घेतात म्हणे. बुधवारची वेळ मिळालीय.

कोथरूडचा_राजा: मग विचारलं कशाला?

सातारी_कंदी: ट्रेडमिलचं आणि चहाचं कळलं ना. बाबा दिवसाला सहा कप पितात.

पाटील_बुवा: नॉर्मल आली तरी अँजिओ करा.