घर नव्याने लावताना : तुमचे अनुभव

शमी
सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, लेक बंगळूरला नोकरीला, आणि मी मार्चअखेर निवृत्त झाले. कर्वेनगरचा दोन बेडरूमचा फ्लॅट १९८९ चा. आजवर त्याला फक्त रंग दिलाय, तोही गणपतीच्या आधी घाईघाईने. आता दोघांपुरतं घर नव्याने लावायचंय. यजमान म्हणतात, "कशाला? चांगलं तर आहे." टाइल्सच्या दुकानांचे पत्ते नकोत, ते मिळतात. आयुष्यात काही बदललं म्हणून तुम्ही घराला हात लावला असेल, तर सुरुवात कुठून केलीत ते लिहा.

घरभेदी
आधी सोसायटीचं बघा, मग घराचं. १९८९ ची इमारत म्हणजे पुनर्विकासाचं बोलणं निघालं असणारच. २०१९ च्या शासन निर्णयापासून ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेने मॉड्युलर किचन बसवलं आणि दुसऱ्याच वर्षी इमारत पाडायला गेली. सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं काढून वाचा, मग मिस्त्रीला फोन करा.

ओट्यापाशी
बायको गेल्यावर डबा लावला होता. त्याला कंटाळून स्वतः करायला लागलो, तर भाजी चिरताना कंबर धरायची. ओटा तिच्या उंचीचा होता, तीस इंचांचा. ती पाच फुटांच्या आत, मी पाच फूट आठ. मुलं म्हणाली, बाबा, अख्खं घरच करून टाका. मी म्हटलं, ओट्यापासून बघू.

गवंड्याने विचारलं, किती घेऊ? ताठ उभा राहिलो, कोपर वाकवलं आणि त्याच्या सहा इंच खाली भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. साडेछत्तीस आलं. वहिनी बघायला आल्या तर म्हणाल्या, "एवढा उंच? उद्या सून आली की?" सून माझ्याकडूनच स्वयंपाक करून घेईल, असं मी धरून चाललोय.

ओटा फोडल्यावर आतलं वायरिंग दिसलं. फ्रिज, मिक्सर, ओव्हन सगळं एकाच तारेवर. मग ते मात्र पूर्ण घराचं केलं: दिव्यांना दीड, प्लगांना अडीच, गीझर-एसीला चार चौरस मिलिमीटरची तार, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). पैसे त्यातच जास्त गेले आणि आलेल्या पाहुण्याला त्यातलं काही दिसत नाही. बेडरूमला हात लावलेला नाही. तिचं कपाट तिथे आहे. मुलं विचारतात, मी विषय बदलतो.

शमी
ओट्याची उंची मला सुचलीच नसती. आमचं घोडं देवघरावर अडलंय. सासूबाईंचं देवघर अख्खी भिंत व्यापून आहे, आणि मला तिथे खिडकीशी बसून वाचायला जागा हवीय. हे मोठ्याने म्हणायलाही धीर होत नाही.

तिसरा मजला
म्हणा की. देव छोट्या फळीवर आनंदाने राहतात.

आमच्याकडे बाबांना सांगलीहून कायमचं आणलं, म्हणून बाथरूम केलं. उंबरा काढून उतार दिला, दार बाहेर उघडणारं केलं (आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही), खरखरीत टाइल, कमोडशेजारी आधाराचा दांडा. दांडा विटांच्या भिंतीत पक्का बसवा, नुसता टाइलवर नको. वॉटरप्रूफिंगनंतर टाइल लावायच्या आधी अठ्ठेचाळीस तास पाणी तुंबवून ठेवायला लावलं आणि खालच्या काकूंना छत बघायला सांगितलं. मिस्त्री कुरकुरला, पण एका कोपऱ्यात ओल सापडलीच. राडारोडा कोण आणि कुठे नेणार, ते कोटेशनमध्येच लिहून घ्या. नाहीतर गोणी जिन्यात आणि सेक्रेटरी दारात. काम दिवाळीनंतर काढा, पावसाळ्यात गिलावा वाळत नाही आणि त्यावर मारलेला रंग फुगतो. आणि हो, आमच्याकडे दोन ते चार ड्रिल बंद. पुणं आहे.

भाडेकरू
घटस्फोटानंतर वारज्यात भाड्याने राहते. खिळा मारायलाही मालकांची परवानगी लागते. पडदे बदलले, पिवळे दिवे लावले आणि पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला. मला तेवढं पुरलं.

घरभेदी
पुन्हा मीच. खिडकीच्या नादात भिंत पाडायचं मनात असेल तर थांबा. इमारत कॉलम-बीमची आहे की भिंतींवर उभी आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल, कंत्राटदार नाही. कंत्राटदार म्हणतो, "काही होत नाही ताई," आणि वरच्या मजल्यावर राहायला तो नसतो.

शमी
भिंत राहू दे. काल यजमानांना ओट्याची गोष्ट वाचून दाखवली. ते टेप घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि मला कोपर वाकवायला लावलं. देवघराचं अजून बोलले नाही.

चौकट
शमीताई, त्या काळातली दारं-चौकटी सागवानी असण्याची शक्यता बरीच. ऑइलपेंटचे थर बघून कंत्राटदार "भंगार आहे, मी नेतो" म्हणेल. आधी मागच्या बाजूने थोडं घासून बघा. सागवान निघालं आणि विकायचं झालं, तर मला निरोप टाका, टिंबर मार्केटपेक्षा चांगला भाव देईन.