निवृत्तीनंतर घरभाड्यावर जगायचं तर: आकडे, ओल, कागद आणि किल्ल्या

धागाकर्ता

"एक घर घेऊन ठेवा, म्हातारपणी भाडं येत राहील" हा सल्ला फुकट मिळतो. पुढचा तपशील मात्र कुणी सांगत नाही. हातात नक्की किती उरतं, कर्ज कधी फिटलेलं असावं, भिंतीत काय बघायचं, भाडेकरू बदलताना पैसा कुठे गळतो, या सगळ्यासाठी हा धागा. विनंत्या दोनच. "अमक्याने अमुक साली घेतलं आणि आज दसपट झालं" छापाच्या कथा नकोत. कामातून जी पद्धत आणि जो आकडा पक्का झालाय तो लिहा. आणि नियम, भाव जागोजागी वेगळे असल्याने रकमांऐवजी घराची किंमत १०० धरून बोलू.

हिशेबनीस

सुरुवात वजाबाकीपासून करतो, कारण बहुतेक जण तिथेच थांबतात.

१०० चं घर नोंदणी, दलाली आणि किरकोळ डागडुजी धरून १०८ ला पडलं असं समजा. वर्षाचं भाडं ४. विकणारा याला चार टक्के परतावा म्हणतो. आता वर्षातला एक महिना घर रिकामं राहणार, म्हणून ०.३३ गेले. इमारतीच्या देखभालीचे ०.५०, मालमत्ता कर आणि विम्याचे ०.२०, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ०.५०. उरले २.४७. त्याला १०० ने नव्हे, १०८ ने भागायचं: २.३ टक्के. आयकर अजून कापलेलाच नाही.

हाच आकडा उलटा करून बघा. वर्षाचा सगळा घरखर्च भाड्यावरच भागवायचा असेल, तर त्या खर्चाच्या साधारण ४० पट किमतीची मालमत्ता लागते, तीही कर्जमुक्त. तुमच्या भागातलं भाडं किमतीच्या ६ टक्के असेल तर पट बराच उतरेल, ३ टक्के असेल तर हा नाद सोडलेला बरा.

दुसरी गोष्ट महागाईची. भाडं दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढतंय आणि महागाई व घराचा खर्च ६ टक्क्यांनी, असं धरा. वीस वर्षांनी भाडं (रिकामा महिना वजा करून) ८.०३, खर्च ३.८५, हातात ४.१८. आकडा वाढलेला दिसतो, पण तोवर महागाई ३.२ पट झालेली असते. म्हणजे खरी खरेदीची ताकद सुरुवातीच्या निम्म्याहून थोडी जास्त, बस. घरभाडं महागाईला पुरून उरतं हे गृहीत धरू नका; मागची दहा वर्षं त्याच इमारतीत भाडं किती वाढलं ते दोन-तीन जुन्या करारांवरून तपासा.

मुद्दलदार

हिशेबनीसांशी सहमत. त्यांनी कर्ज बाजूला ठेवलंय, ते मी घेतो.

१०० चं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं. महिन्याचा हप्ता ०.९०. त्यातले पहिल्या महिन्यात ०.७५ व्याजात जातात, मुद्दलात फक्त ०.१५. दहा वर्षं निमूट भरल्यावर किती शिल्लक असतं असं विचारलं की लोक ५० म्हणतात. शिल्लक असतात ७१. अर्धं मुद्दल फिटायला १४ वर्षं लागतात. पंचेचाळिसाव्या वर्षी असं कर्ज घेतलं तर साठाव्या वर्षी, पगार थांबतो त्या दिवशी, ४० च्या वर बाकी असते.

मुदत १५ वर्षांची केली तर हप्ता १.०१ होतो, म्हणजे जेमतेम तेरा टक्के जास्त. एकूण भरणा मात्र २१६ वरून १८३ वर येतो. हे गणित सही करायच्या आधी करायचं, नंतर नाही.

बदलत्या व्याजदरात एक खोच आहे. दर वाढला की अनेकदा सावकार हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवतो, आणि कर्जदाराला वाटतं काही झालंच नाही. वरच्याच कर्जाचा दर सुरुवातीलाच ११ टक्के झाला तर महिन्याचं व्याजच ०.९२ होतं. हप्ता ०.९०. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढतंय! दर बदलल्याचं पत्र आलं की हप्ता नव्हे, शेवटच्या हप्त्याची तारीख बघा. ती निवृत्तीच्या पलीकडे सरकली असेल तर त्याच महिन्यात हप्ता वाढवून मागा. भाड्यातून हप्ता फिटेल हाही भ्रम: वर्षाचा हप्ता १०.८, वर्षाचं भाडं ४. खिशातून किती घालावे लागणार ते उघड आहे.

गवंडीकाम

आकडे झाले, आता भिंतीकडे या. हिशेबनीसांनी दुरुस्तीला ०.५० धरलेत. घर बघताना आळस केलात तर ते ०.५० पहिल्या पावसातच संपतील.

नव्या रंगाचं कौतुक करू नका. विकण्याच्या तोंडावर एकाच भिंतीला रंग दिलेला असेल तर आधी ती भिंत बघायची. पोपडे आणि पांढरा लोणा दिसला की ओल आहे हे कळतं, पण ती कुठून येते हे कळत नाही, आणि खर्च सगळा त्यावर ठरतो. त्यासाठी साधी चाचणी: दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, चारी कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बंद करा, आणि रात्रभर, निदान सोळा तास, तसंच ठेवा. सकाळी थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीतून येतंय: गळका नळ, वरच्या मजल्याची मोरी, नाहीतर बाहेरचा गिलावा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे. खिडकी उघडी ठेवून आणि वाफ बाहेर टाकणारा पंखा बसवून भागतं. पहिल्या प्रकारात रंगावर केलेला खर्च वाया, कितीही महाग जलरोधक रंग लावा.

तडे. केसासारखे, वेडेवाकडे, फक्त गिलाव्यातले तडे घाबरण्यासारखे नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघून रुंद होत जाणारा तडा वेगळा. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घाला. दोन महिन्यांनी टोक खुणेपुढे गेलं असेल तर इमारत अजून हलतेय. आणि तुळईच्या किंवा छताच्या खालच्या बाजूला, सळीच्या रेषेत, तांबूस डाग असलेली सरळ भेग दिसली तर समजा आतली सळी गंजतेय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो वरचं काँक्रीट आतून ढकलून फोडतो. वरून सिमेंट थापून ते थांबत नाही. सळीपर्यंत खोदून, गंज साफ करून मगच भरावं लागतं. इथे अभियंता बोलवा, दलालाचं मत घेऊ नका.

पाण्याच्या दोन चाचण्या फुकट आहेत. सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा टिपा आणि तासाभराने बघा. हलला असेल तर कुठेतरी गळती आहे. संडासाच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं पाणी सोडू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीची झडप गळकी.

लाद्या नाण्याने ठोकत चला. पोकळ आवाज आला म्हणजे खाली मसाला सुटलाय. दोन-चार लाद्या चालतील, अर्धी खोली पोकळ वाजली तर भाव पाडा.

किल्ल्यांचा जुडगा

घरमालक सगळ्यात जास्त पैसे भाडं वाढवायच्या हट्टात घालवतात. भाडं ५ टक्क्यांनी वाढवलं, जुना भाडेकरू गेला, घर एक महिना रिकामं राहिलं. तो एक महिना भरून यायला वाढीव भाड्याचे २० महिने लागतात. रंग आणि दलालीत आणखी एका महिन्याचं भाडं गेलं की ४०. वेळेवर देणारा, शांत माणूस बाजारभावापेक्षा थोडं कमी देत असेल तर देऊ द्या की.

भाडं भाडेकरूच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर उशीर ठरलेलाच. उत्पन्नाचा पुरावा बघून मगच हो म्हणा. घर देताना वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, पंखे-दिव्यांची यादी एका कागदावर घेऊन दोघांच्या सह्या करा. प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांचे फोटो, ओट्याखालचे आणि बेसिनखालचे वेगळे. अनामत परत देताना होणारी बहुतेक भांडणं "हे आधीपासूनच असं होतं" या एका वाक्यावर अडतात.

आणि करार संपायच्या दोन महिने आधी पुढचं विचारा. शेवटच्या आठवड्यात विचारलंत तर रिकामा महिना तुमचा.

दस्तऐवज

कागदांचा क्रम महत्त्वाचा. आधी मालकीची साखळी: आजच्या विकणाऱ्यापासून मागे जात प्रत्येक हस्तांतराचा दस्त, मध्ये एकही कडी गायब नको. वारसाने आलेलं घर असेल तर सगळ्या वारसांची संमती लेखी. मग बोजा: घर कुठे गहाण आहे का. मग मंजूर नकाशा हातात घेऊन घर मोजा. बाल्कनी खोलीत घेतलेली असेल तर ती तुमच्या गळ्यात पडणार. शेवटी इमारतीचे हिशेब. हे कुणी बघतच नाही. दुरुस्ती निधीत किती शिल्लक, थकबाकी किती, येत्या पाच वर्षांत लिफ्ट किंवा गच्चीचं काम निघणार आहे का, हे मागच्या सभांच्या इतिवृत्तात मिळतं. जुनी इमारत आणि रिकामा निधी म्हणजे मोठा वर्गणी-फतवा वाटेवर आहे, आणि तो बहुधा पगार बंद झाल्यावरच येतो.

अवांतर

सगळं एका घरात का अडकवायचं? कार्यालयं, गोदामं, दुकानगाळे यांच्या उत्पन्नात छोटा हिस्सा घेता येतो अशा 'रीट'ची सोय अमेरिकेत १९६० च्या कायद्याने झाली, नंतर ती अनेक देशांत आली. तिथे करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के हिस्सा गुंतवणूकदारांना वाटावाच लागतो. भाव शेअरसारखा वरखाली होतो हे खरं, पण मध्यरात्री नळ फुटल्याचा फोन येत नाही.

जमिनीचा भाव पडतच नाही म्हणणाऱ्यांनी जपानकडे बघावं. १९९१ नंतर तिथे भाव दहा वर्षांहून जास्त काळ उतरत राहिले, आणि २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं, म्हणजे १३.८ टक्के, रिकामी निघाली. माणसं कमी होत जाणाऱ्या गावात स्वस्त घर घेताना भाडेकरू कुठून येणार हे आधी विचारा.

हिशेबनीस

अवांतर म्हणता, पण मुद्दा मूळचाच आहे. अचानक दवाखान्याचा खर्च आला तर घराची एक खोली विकता येत नाही. म्हणून भाड्याच्या उत्पन्नावर राहणाऱ्याने दोन वर्षांचा घरखर्च लगेच मोडता येईल अशा ठेवीत वेगळा ठेवावा. तो नसला की घर घाईत विकावं लागतं, आणि घाईतल्या विक्रेत्याला गिऱ्हाईक लगेच ओळखतं.

दस्तऐवज

त्याला जोडून एक. सही करता येत नाही, लक्षात राहत नाही अशी वेळ आली तर भाडं कोण गोळा करणार, करार कोण करणार? साधं मुखत्यारपत्र अनेक देशांत माणसाची समज गेली की आपोआप निष्प्रभ होतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हाच. तुमच्याकडे समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र मान्य आहे का, हे वकिलाला विचारा आणि हातपाय चालतायत तोवर करून ठेवा. मृत्युपत्र वेगळं. आणि एक फाईल: मूळ दस्त कुठे आहेत, विमा कधी संपतो, भाडेकरूचा फोन, नळवाल्याचा फोन, मुख्य पाण्याची चावी कुठल्या बाजूला फिरवली की बंद होते.