सुटलात ना, मग आता रडगाणं कशाला?

खारी शेंग
काल इथे एकाने लिहिलं, "बुवाबाजीतून सुटलेल्यांना समुपदेशन वगैरे कशाला हवं, डोळे उघडले की विषय संपला." तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून वेगळा धागा काढतेय. मी एका सत्संगात लहानाची मोठी झाले, आईबाबांमुळे. कुठला ते विचारू नका. डोळे उघडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता हो. पुढे कळतं की आपल्याला एकही मैत्रीण नाही, कारण होत्या त्या सगळ्या तिथल्याच आणि त्यांनी एका रात्रीत ब्लॉक केलं. स्थळ बघायचं, नोकरी सोडायची, फ्लॅट घ्यायचा, सगळं 'वर विचारून'. बाहेर पडल्यावर कुकर घ्यायला गेले, तीन लिटरचा की पाच, एवढंच दुकानदाराने विचारलं आणि मला दरदरून घाम, तशीच परत आले. वर "सोडलंस तर घरात अघटित घडेल" हे ऐकत वाढलेली. बाबांना स्टेंट टाकायची वेळ आली तेव्हा डॉक्टर रिपोर्ट समजावत होते आणि माझं मनात चाललेलं, हे माझ्यामुळेच.

बोरूबहाद्दर
तो मीच. माझं म्हणणं आजही तेच आहे, हल्ली खुट्ट झालं की ट्रॉमा. माझे मामा एका महाराजांचे कट्टर भक्त, महाराज आत गेले, मामांनी फोटो भिंतीवरून काढला आणि दुसऱ्या दिवशी उसाला पाणी द्यायला हजर. कुठे गेले समुपदेशनाला?

खारी शेंग
मामींना विचारलंत का कधी?

जुना पुणेकर
कोरेगाव पार्कात भगवे झगे घालून फिरणारे रजनीशांचे (ओशोंचे) गोरे शिष्य आम्ही 74-75 पासून पाहिलेत. त्यातले पुष्कळ घरदार विकून पुढे त्यांच्यामागे अमेरिकेत ओरेगॉनला गेले. 84 मध्ये तिथल्या मंडळींनी हॉटेलांच्या सॅलडमध्ये जंतू घातले, 751 लोक आजारी पडले. पण मला लक्षात राहिलंय ते 85 चं. गुरूंनीच जाहीर केलं की लाल कपडे नकोत, माळही नको. ज्याने चार वर्षं ती माळ छातीवर बाळगली त्याने काय करायचं? मामांना निदान ऊस तरी होता.

पावसाळी छत्री
एवढी चर्चा कशाला? इगतपुरीला विपश्यनेच्या ध्यानशिबिराला दहा दिवस जाऊन या. फी नाही, मन स्वच्छ होतं. स्वानुभव.

खारी शेंग
हेच! दर वेळी कोणीतरी हेच सांगतं. पहाटे चारला उठायचं, कोणाशी बोलायचं नाही, डोळे मिटून कॅसेटवरचा आवाज ऐकायचा. अहो मी जिथून पळाले तिथेही असंच होतं. अजूनही डोळे मिटून बसलं की मी कुठेतरी तरंगायला लागते, भानावर यायला वेळ लागतो.

पावसाळी छत्री
विपश्यनेला बुवाबाजीच्या पंक्तीत बसवताय? तिथे गुरू नाही, पैसा नाही, कर्मकांड नाही. सरकार कर्मचाऱ्यांना रजा देतं त्यासाठी. अर्धवट माहितीवर बोलू नये.

बोरूबहाद्दर
सरकार कशाकशाला रजा देतं यावर वेगळा धागा निघेल.

पावसाळी छत्री
तुम्ही तर बोलूच नका, एक मामा घेऊन आलात पुरावा म्हणून.

खिडकीतली तुळस
भांडा निवांत. मी समुपदेशक आहे म्हणून दोनच गोष्टी. विपश्यनेच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं, गंभीर त्रास असेल तर येऊ नका असं तेच सांगतात, तेव्हा छत्रीताई, ज्याला त्याला पाठवू नका. दुसरं, शेंग म्हणतेय ते तरंगणं, निर्णय न घेता येणं, एकटेपणा, हे सगळं मार्गारेट सिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 मध्येच लिहून ठेवलंय, पंथ सोडलेल्यांशी बोलून. अजून एक त्यात होतं, घरचे सतत टक लावून बघतात, परत गेली की काय म्हणून. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा 2013 ला झाला, भोंदू बाबावर केस होते, पण त्याच्या दारातून बाहेर पडलेल्या माणसाचं पुढे काय, हे कोणी बघत नाही. आमच्यातलेही काही जण पहिल्याच भेटीत "थोडं नामस्मरण करून बघा" म्हणतात, हे लाजत सांगते. 14416 वर फोन लावा, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मराठीत बोलतात, पैसे नाहीत.

खारी शेंग
नामस्मरणवाली मलाही भेटलेली. फी घेऊन.

बोरूबहाद्दर
घ्या, मामींना फोन केला. फोटो फेकला नाहीये म्हणे, कपाटात साडीखाली आहे, आणि मामा अजून गुरुवारी जेवत नाहीत, कारण विचारलं की ताट भिरकावतात. झालं समाधान? तरी सगळ्यांनाच समुपदेशन लागतं हे मला मान्य नाही.

खारी शेंग
सगळ्यांना म्हटलंच नव्हतं. मामींना नंबर द्या तेवढा.

पावसाळी छत्री
विपश्यनेत गुरू नाही, हा माझा मुद्दा अजून कोणी खोडलेला नाही.

जुना पुणेकर
कॅसेटवर कोण बोलतं मग?