सामाजिक मानसशास्त्र आणि समाजशास्त्र: सीमारेषा नेमकी कुठे आखावी?

प्रश्न

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असून यंदा सामाजिक मानसशास्त्र हा विषय प्रथमच अभ्यासत आहे. इतरांच्या प्रत्यक्ष, कल्पित किंवा सूचित उपस्थितीचा व्यक्तीच्या विचार, भावना व वर्तनावर कसा प्रभाव पडतो याचा अभ्यास, ही गॉर्डन ऑलपोर्ट यांची व्याख्या पाठ झाली आहे. परंतु पूर्वग्रह, आक्रमकता, गट हे सारे समाजशास्त्राच्या पुस्तकातही भेटते, आणि आक्रमक स्वभाव म्हटले की व्यक्तिमत्त्वाचे मानसशास्त्रही आलेच. मग या शाखा वेगळ्या कशा ओळखायच्या? शिवाय एखाद्याची उपस्थिती ‘कल्पित’ कशी असू शकते, हेही स्पष्ट होत नाही.

उत्तर १

विषयांच्या यादीत फरक शोधलात तर तो हाती लागणार नाही, कारण तो प्रश्न विचारण्याच्या रीतीत आहे. आक्रमकताच घ्या. एका वस्तीत हिंसेचे प्रमाण दुसरीपेक्षा वर्षानुवर्षे जास्त का राहते, असे समाजशास्त्रज्ञ विचारतो आणि उत्तर वर्गरचना, बेरोजगारी, संस्था यांत शोधतो; एमिल दर्खाईम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येचा अभ्यास मांडताना एकेका माणसाच्या दुःखाऐवजी निरनिराळ्या समाजगटांतील आत्महत्यांचे दर तपासले, ते याच दृष्टीने. एकाच प्रसंगात एक जण भडकतो आणि दुसरा शांत राहतो तो कशामुळे, हा व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासकाचा प्रश्न. एरवी शांत असलेला माणूसही कोणत्या परिस्थितीत हात उगारतो, हा सामाजिक मानसशास्त्रज्ञाचा.

कल्पित उपस्थितीसाठी दूर जायला नको. खोलीत एकटे असताना आपण एखादा संदेश लिहितो, वाचणाऱ्याला काय वाटेल या विचाराने त्यातला एक शब्द खोडतो आणि मगच तो पाठवतो. समोर कोणीही नसते, तरी तो शब्द कोणासाठी तरी बदललेला असतो.

उत्तर २

वरील उत्तराला एका प्रयोगाची जोड द्यावीशी वाटते, कारण माझ्या मते हा विषय व्याख्येपेक्षा प्रयोगातून लवकर उमगतो. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांच्या छोट्या गटाला एक रेषा दाखवली आणि शेजारच्या तीन रेषांपैकी तिच्याएवढी कोणती, एवढेच विचारले. गटातील एक जण सोडून बाकी सारे प्रयोगकर्त्याला सामील होते, आणि त्या एकाची पाळी जवळजवळ शेवटी येई. अठरापैकी बारा फेऱ्यांत त्याच्याआधीचे सगळे जण एकामागून एक, निर्विकारपणे, तेच चुकीचे उत्तर देत. एकट्याने उत्तर देताना क्वचितच कोणी चुकत असे. इथे मात्र या बारा फेऱ्यांतील जवळपास एक तृतीयांश उत्तरे गटामागे गेली. सुमारे पाऊण सहभागी निदान एकदा तरी वाकले.

उरलेले पाव जण एकदाही वाकले नाहीत. व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासकाचे कुतूहल नेमके या पाव जणांपाशी जागे होते. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मात्र परिस्थितीच बदलून पाहतो: गटात खरे उत्तर देणारा केवळ एक साथीदार बसवला, तेव्हा गटामागे जाण्याचे प्रमाण झपाट्याने घसरले. माणसे तशीच सामान्य होती, बदलली ती मांडणी, आणि यादृच्छिक वाटणी करून, म्हणजे कोणाला कोणत्या परिस्थितीत ठेवायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून, केलेल्या प्रयोगावर या शाखेचा एवढा भर का असतो, ते यावरून समजते.

उत्तर ३

दोन्ही उत्तरे पटतात, पण भिंत फार पक्की समजू नये. १९०८ मध्ये या विषयाची दोन पाठ्यपुस्तके प्रसिद्ध झाली. एक विल्यम मॅक्डुगल या मानसशास्त्रज्ञाचे आणि दुसरे एडवर्ड रॉस या समाजशास्त्रज्ञाचे. म्हणजे पाळण्यातच या विषयाला दोन घरे होती, आणि समाजशास्त्राच्या अंगणात वाढलेली सामाजिक मानसशास्त्राची परंपरा आजही जिवंत आहे. तसेच परिस्थिती म्हणजेच सर्व काही, असाही निष्कर्ष काढू नये. वर्तन हे व्यक्ती आणि तिचे पर्यावरण या दोहोंचे फलन आहे, म्हणजे ते दोहोंवर मिळून ठरते, असे कुर्ट लेविन यांनी सूत्ररूपाने मांडले होते. तरीही परिस्थितीवर इतके बोलावे लागते, कारण दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्याकडे आपला ओढा असतो; ली रॉस यांनी १९७७ मध्ये याला मूलभूत गुणारोपण दोष म्हटले. अ‍ॅशच्या प्रयोगाची हकिकत ऐकून ‘ती मुले कच्च्या मनाची असणार’ असे मनात आले असेल, तर तो दोष आपल्याच हातून घडला.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. माझ्या मनात अगदी हेच आले होते. एक शंका उरते: वाकलेल्यांना रेषा खरोखर तशी दिसू लागली होती का?

उत्तर २

बहुतेकांना नाही. अ‍ॅश यांनी काही सहभागींना उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिले, तेव्हा गटामागे जाणे पुष्कळच कमी झाले. म्हणजे अडचण मुख्यतः चारचौघांत वेगळे पडण्याची होती. काहींना मात्र आपलेच काहीतरी चुकत असावे, अशी शंका खरोखर आली होती. डॉइच आणि जेरार्ड यांनी १९५५ मध्ये या दोन प्रवाहांना वेगळी नावे दिली: वेगळे पडू नये म्हणून झुकणे हा मानदंडात्मक प्रभाव, आणि इतरांना अधिक कळत असेल असे समजून झुकणे हा माहितीपर प्रभाव. पुढच्या प्रकरणात अनुरूपता, म्हणजे असे गटामागे जाणे, येईल, तेव्हा प्रत्येक उदाहरणापुढे यांपैकी कोणता प्रभाव आहे ते पेन्सिलीने लिहून पाहा.