फाईलच्या शेवटच्या डर्टी पेजचं (मेमरीत बदललेल्या, पण अजून डिस्कवर न लिहिलेल्या पानाचं) काय करायचं?

प्रश्न: लिनक्ससाठी छोटी फाईलसिस्टिम लिहितोय. फाईल ५००० बाइटची, पेज ४०९६ चं, म्हणजे दुसऱ्या पेजात ९०४ बाइटच खरे. रायटबॅकला (पेज डिस्कवर लिहिताना) उरलेल्या ३१९२ बाइटचं काय करू?

उत्तर १: शून्य भर, आणि प्रत्येक रायटबॅकला भर, कारण एममॅप केलेला (फाईल थेट आपल्या मेमरीत जोडून घेतलेला) प्रोग्रॅम त्या भागात कधीही लिहू शकतो आणि पेज तेच असल्यामुळे सिगबस (फाईलच्या बाहेरच्या पेजला हात लावला की येणारा एरर सिग्नल) पण येत नाही.

उत्तर २: पेज पूर्णच फाईल साइझच्या पलीकडे असेल तर लिहायचंच नाही, मध्येच ट्रंकेट झालेलं असतं (फाईल कापून छोटी केलेली असते), अनलॉक करून सोडून दे.

उत्तर ३: फाईल वाढवताना पण बघ! साइझ वाढवायच्या आधी जुन्या शेवटापासून पेज संपेपर्यंत शून्य कर, नाहीतर एममॅपचा कचरा खरा डेटा म्हणून दिसतो. हे टेस्ट केल्याशिवाय मर्ज करू नकोस प्लीज.