सल्ला हवा: आजोबा आणि नातीने एकत्र बघण्याजोग्या कार्टून/बाहुल्यांच्या मालिका

केतकी_बाणेर: लेक साडेचार वर्षांची, बाबा ७४ चे. दुपारी दोघंच घरी असतात. बाबांना इंग्रजी कार्टूनचा कलकलाट सहन होत नाही, तेव्हा संवाद नसलेलं किंवा अगदी कमी असलेलं सुचवा. भाग साधारण दहा मिनिटांचा. नवीन वर्गणी भरणार नाही, यूट्यूबवर फुकट मिळेल तेच.

रानडुक्कर: थंडरबर्ड्स! १९६५ ची ब्रिटिश मालिका. दोऱ्यांवरच्या बाहुल्या, रॉकेटं, धडाधड स्फोट. मी अख्खा ब्लू-रे संच घेतलाय. महाग आहे, पण पैसा वसूल.

शमा_ठाणे: अहो, ती फुकट म्हणतेय! शिवाय त्याचा एकेक भाग पन्नास मिनिटांचा आणि बाहुल्या अखंड बोलतात. केतकी, पिंगू लाव गं. मातीचा स्विस पेंग्विन, पाच मिनिटांत भाग संपतो.

सदाशिवपेठी: +१ पिंगू. सुरुवातीच्या भागांत सगळ्या पात्रांचे आवाज कार्लो बोनोमी या एकट्या इटालियन माणसाचे. शब्दांना अर्थच नाही, त्यामुळे आजोबा आणि नात एकाच पातळीवर.

शमा_ठाणे: फक्त एक धोका. आमचे चिरंजीव हल्ली जेवायला हाक मारली की तोंडाचा भोंगा करून ‘नूट नूट’ करतात.

वेंगुर्लेकर: चेक कार्टून क्रतेक, म्हणजे छोटा चिचुंदर की तीळ की काय तो, जमिनीखालचा. झ्देनेक मिलरने काढलेला. पँट मिळवतो तो भाग आधी दाखवा: जवस मिळवायचं, साळिंदरासारख्या काटेवाल्याने ते विंचरायचं, कोळ्यांनी सूत काढायचं, मुंग्यांनी विणायचं, खेकड्याच्या भावाने कापड कापायचं. त्यात तो बोलतो, नंतरच्या भागांत नुसते हुंकार. ते मिलरच्या मुलींचे आवाज. मी प्रागहून डीव्हीडी आणली होती, इथल्या प्लेअरने ‘चुकीचा रिजन’ म्हणून परत तोंडावर फेकली.

सदाशिवपेठी: तो मोल. चिचुंदर वेगळी.

वेंगुर्लेकर: पँट घालतो ना? मग झालं.

गोट्या८५: आमच्या वेळी रविवारी मोगली होता, तेच दाखवा. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज! आता असलं देशी काही बनतच नाही.

सदाशिवपेठी: मोगली जपानी होता, १९८९ चा. दूरदर्शनने हिंदीत आणला. देशी फक्त गुलजारांचं गाणं आणि नाना.

गोट्या८५: बरं.

शमा_ठाणे: धागा भरकटतोय. पॅट अँड मॅट पण बघ, चेकच. दोन हौशी मिस्त्री एक खिळा ठोकायला जातात आणि घर पाडतात. एक अवाक्षर नाही. आणि कुणी रशियन ‘नू, पगदी’ सुचवण्याआधीच सांगते, नको. लांडगा सिगरेट ओढतो.

वेंगुर्लेकर: अनुमोदन. ते नकोच.

केतकी_बाणेर: सगळ्यांचे आभार. पिंगू लेकीला आवडला, बाबा घोरायला लागले. मग त्यांनी शमाताईंचा प्रतिसाद वाचून स्वतःच ‘नू, पगदी’ शोधलं. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते, रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली शिकलेले. लांडगा सशावर ओरडला की बाबा आधीच ओरडतात. सिगरेट आली की लेक ‘शी’ म्हणते, बाबा ‘बरोबर’ म्हणतात. तेच चालू ठेवतेय.

शमा_ठाणे: मग विचारलंस कशाला गं?

रानडुक्कर: पुण्यात ब्लू-रे प्लेअर दुरुस्त करणारं कुणी आहे का?