जैवसुरक्षा की जैवबंदोबस्त? आणि देखरेख कोणाची?

प्रश्न (शिक्षक, दर्यापूर तालुका): धोकादायक जंतूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांवरील शासकीय नियंत्रणाविषयी अकरावीच्या मुलांसाठी टिपण लिहीत आहे. बायोसेफ्टी आणि बायोसिक्युरिटी या दोहोंसाठी वर्तमानपत्रे 'जैवसुरक्षा' हा एकच शब्द छापतात. दोन्ही एकाच वाक्यात आले, तर काय लिहावे?

उत्तर (पशुवैद्यक, अकोट): गुरुजी, गावातला कोंडवाडा डोळ्यांसमोर आणा. आतले जनावर भिंत ओलांडून बाहेर पडू नये ही एक काळजी, आणि दंड न भरता रात्री कुणी ते सोडवून नेऊ नये ही दुसरी. जंतूंचेही तसेच: ते चुकून बाहेर पडू नयेत ही बायोसेफ्टी, कुणी ते पळवू नयेत ही बायोसिक्युरिटी. पहिलीसाठी 'जैवसुरक्षा' रूढ आहे, ती राहू द्यावी. दुसरीसाठी मी 'जैवबंदोबस्त' सुचवीन, कारण त्यात कुलूप, पहारा, नोंदवही आणि माणसांची पारख हे सारे येते. 'जैवसंरक्षण' नको, ते वाचून लोकांना वाघ आणि जंगल आठवते.

खरा घोळ मात्र 'देखरेख' या शब्दात आहे. 2007 साली इंग्लंडमध्ये पिरब्राइट येथील आवारातून लाळ्या-खुरकूतचा विषाणू निसटला आणि आसपासच्या गोठ्यांत पोचला. त्या आवारात शासकीय संशोधन संस्था आणि लस बनवणारी खासगी कंपनी शेजारी-शेजारी होत्या, आणि सांडपाण्याची नळवाहिनी जुनी व नादुरुस्त होती. परवाना देणारे खाते हेच त्या संस्थेला पैसा पुरवणारे आणि तिच्याकडून काम करून घेणारेही होते. पुढे तपासणीचे काम स्वतंत्र आरोग्य व सुरक्षा यंत्रणेकडे गेले. आपल्या घरच्या कामावर आपण ठेवतो तीही देखरेखच, म्हणून अशा ठिकाणी 'त्रयस्थ तपासणी' लिहावे.

प्रश्नकर्ता: डॉक्टरसाहेब, आपल्याकडे ती कोण करते, हेही मुले विचारतील.

उत्तर (निवृत्त महसूल कर्मचारी, दारव्हा): पर्यावरण संरक्षण अधिनियम, 1986 खाली 1989 साली घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेल्या सजीवांविषयीचे नियम झाले. त्यांत संस्थेची स्वतःची समिती आहे, राज्याची समन्वय समिती आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीही आहे. बीटी कपाशीला 2002 मध्ये मंजुरी देणारी केंद्रीय समिती याच नियमांतली, त्यामुळे आपल्या भागात तिची ओळख करून द्यावी लागत नाही. जिल्हा समिती मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही. संस्थेची समिती करते ती 'अंतर्गत देखरेख' आणि जिल्हा समिती करते ती 'तपासणी', असे मी लिहीन. 'नियमन' म्हणजे नियम घालून देणे. नियम असून कुणी फिरकलेच नाही, तर नियमन असते, तपासणी नसते.

जाता जाता, 'उच्च जोखीमीच्या' असे रूप बरेच दिसते. 'जोखमीच्या' लिहावे, आणि 'उच्च'ऐवजी 'अतिजोखमीच्या' अधिक मराठी वाटते.